खंडेनवमीला बंद झालेली डबी

तीर्थस्वरूप जयलक्ष्मीआत्यास,

उणकलहून हर्षाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळव, संपलं नसेल तर लावत जा. इकडे आम्ही खुशाल. तुझी सूनबाई स्मृती रोज तुझी आठवण काढते (विशेषतः डाळीची कोसंबरी खारट झाली की). फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर आभार मानायला लागलो की तू ‘इरली बिडो, असू दे रे’ म्हणून फोन ठेवून देतेस. पत्र ठेवून दिलंस तरी ते कधी ना कधी वाचशील.

माझ्या कारखान्यात डब्या होतात, एवढंच तुला ठाऊक आहे आणि ते बरोबरही आहे. काड्यापेटीएवढ्या त्या डबीला मधोमध भोक, भोकातून तार जाते, आणि तारेतून किती करंट चाललाय ते डबी तारेला हात न लावता सांगते (आमच्या शेजारीणबाईंना आमच्या घरातलं उंबरा न ओलांडता कळतं, तसं). आत तांब्याची तार गुंडाळलेलं एक कडं आणि एक छोटं सर्किट. कडं हलू नये म्हणून दोन पट्ट्या, पट्ट्यांना स्क्रू, सर्किटला स्क्रू, झाकणाला स्क्रू, आणि स्क्रूंवर माझा भरवसा नाही म्हणून वर गोंद. राधा आणि तिच्या जोडीच्या बायका दिवसभर हेच करत. त्याआधी रेखा कानस घेऊन प्रत्येक झाकणाचे कान घासून काढी. हे कान म्हणजे तुझ्या चिरंजीवांची देणगी. दीपकनं प्लास्टिकच्या डबीचा साचा केला तेव्हा झाकणाच्या दोन्ही अंगांना हुकासारखे दोन बारीक आकडे राहून गेले, आणि झाकण बसवताना ते मधे यायचे. साचा दुरुस्त कर म्हणून सांगताना मी थकलो. ‘माडतीनी, करतो’ म्हणताना तो थकला नाही. आत्येचा मुलगा म्हणून मी काही बोललो नाही. (थोडं बोललो. ते तुझ्यापर्यंत आलं असेलच.)

गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या कंपनीनं कळवलं, डबी स्वस्त करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. आत्या, ती ऑर्डर म्हणजेच आमचा कारखाना. ती गेली की शटर खाली आणि राधा, रेखा सगळ्या घरी. मी स्वस्तातले स्क्रू आणले, ते पिळतानाच तुटले. स्वस्तातला गोंद आणला, त्यानं डबी सोडून राधाची दोन बोटं तेवढी चिकटली. अशा अवस्थेत मी असताना तू धारवाडहून आयुधपूजेला आलीस. खरं सांगतो, मनात म्हटलं, आता हीच एक बाकी होती.

पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस, पण तेव्हा तू तव्यापाशी आणि माझ्यावर देखरेखीला अशी दोन्हीकडे होतीस, म्हणून सांगतो. स्क्रूड्रायव्हर, पकडी, कानशी, सगळी हत्यारं तू धुऊन पुसून पाटावर मांडलीस, हळदकुंकू वाहिलंस, झेंडू चढवलास आणि दारात कोहळा फोडायला लावलास. दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असा हुकूम सोडलास. आणि नेमका तेव्हाच कंपनीचे सुमंतसाहेब दारात! दौरा आटपून बेळगावमार्गे पुण्याला परत निघाले होते, वाटेत म्हणे नवा नमुना बघून जातो, निर्णय परवाच व्हायचाय. नवा नमुना कुठला आणणार? जुनाच जरा हसतमुखानं जोडून दाखवू म्हणून मी स्क्रूड्रायव्हरसाठी पाटाकडे हात नेला, तर तू ‘मुट्टब्याड, हर्षा! हात लावू नकोस!’ अशी ओरडलीस की पलीकडच्या शेडच्या वॉचमननं हातातली काठी खाली ठेवली. साहेबही दचकले आणि कोहळ्याच्या फोडीवरून घसरत थेट खुर्चीत येऊन बसले.

समोर होत्या आदल्या दिवशी आलेल्या, कान न घासलेल्या डब्या. काहीतरी करायला हवं म्हणून मी कडं आत ठेवलं, वर सर्किट ठेवलं, आणि स्क्रू कुठे येतील ते दाखवायला झाकण दाबलं. टक्! कान डबीच्या कडेखाली जाऊन बसले आणि झाकण निघेना. साहेबांनी डबी कानाशी धरून खुळखुळवली. आत काही हलेना, कारण झाकणानंच सगळं दाबून धरलं होतं. त्यांनी नखानं उचकटून पाहिलं. नख तुटलं, डबी जशीच्या तशी. मग त्यांनी स्वतःच्या बॅगेतला मीटर काढला (पाहुण्याच्या आयुधाला पूजा लागत नाही, हा निर्णय तूच दिलास). आकडा बरोबर आला. ‘स्क्रू कुठे गेले?’ त्यांनी विचारलं. ‘काढून टाकले,’ मी म्हणालो, जणू कित्येक महिने तेच करत होतो. त्यांनी तुझ्या तव्यावरची पुरणाची होळगी आणखी एक मागून घेतली.

तर पट्ट्या गेल्या, स्क्रू गेले, गोंद गेला, कान घासणं गेलं, आणि ऑर्डर राहिली. राहिली म्हणजे वाढली. रेखा आता कानस सोडून डब्या तपासायला बसते आणि मला दिवसातून दहादा रागावते. आत्या, तू नसतीस तर मी स्क्रूड्रायव्हर उचलून सगळे स्क्रू व्यवस्थित पिळले असते आणि ऑर्डर व्यवस्थित घालवली असती. अप्पा गेल्यापासून कारखान्यात येऊन मला ओरडणारं कोणी उरलं नव्हतं. तू ओरडलीस, फार बरं वाटलं. हे उपकार मी विसरणार नाही.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो ओरडण्यासकट असू दे.

तुझा,
हर्षा

ता. क. होळगीचा डबा दिवाळीला पोचवतो. रिकामा परत करायचा नसतो हे स्मृतीला ठाऊक आहे. तुला आवडेल असं काय भरायचं, ते तिला ठाऊक नाही.

आणखी एक ता. क. काल दीपककडून नव्या डब्या आल्या. उघडून बघतो तर कान नाहीत! माझं बोलणं इतक्या दिवसांनी त्याच्या मनाला लागलं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यानं साचा दुरुस्त करून टाकला. वर विचारतो, ‘आता तरी समाधान?’ दसऱ्यापासून मी त्याला सगळं सांगणारच होतो, पण सांगायचं म्हणजे त्याचे आभार मानावे लागले असते, म्हणून उद्यावर ढकलत राहिलो. आता माझ्या जुन्या बोलण्यावर रुसून तो माझा फोन उचलत नाही, आणि कंपनीला माल पुढच्या आठवड्यात जायचाय. आत्या, तू त्याची आई आहेस. त्याला जवळ बसव, जेवायला वाढ आणि सांग, बाळा, होती तशीच चूक पुन्हा कर, अगदी तेवढीच. हर्षानं सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस. कळलं तर तो मुद्दाम नीट काम करील.