देवामागची भिंत

३ नोव्हेंबर, सोमवार
बाजारातून आणलं ते असं — पांढऱ्या रंगाचा लहान डबा १८०, ब्रश ३५, दिवे दोन ९०, दाराची कडी ६०. कडी महाग पडली. घर विकायचं म्हणून घरावर खर्च! हे म्हणाले, "जाताजाता तरी हात सैल सोड."

यांच्या गुडघ्यांना तीन जिने आता झेपत नाहीत. काल मधल्या जिन्यात भाजीच्या पिशवीशेजारी बसून होते. मी पाहिलं ते त्यांना कळू दिलं नाही. थोरल्या लेकीच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळताहेत, पण तिथला मालक महिनाअखेरीपर्यंतच थांबणार. तेव्हा आधी दलाल ठरवायला हवा.

५ नोव्हेंबर, बुधवार
दलाल म्हणून एक बाई येऊन गेली. चष्मा, हातात फाईल. देवाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ भिंतींकडे वळली. बोटांच्या पेरांनी सगळ्या भिंती ठोकत निघाली. हे माझ्या कानात म्हणाले, "ठोकबाई."

निजायच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर तिनं तळवा टेकवला. मग तळव्याचा वास घेतला. "वहिनी, वरच्यांची न्हाणी इथेच ना? ओल आतपर्यंत आहे. रंग लावून झाकू नका. आपण सांगून विकू. थोडा भाव उतरेल, पण नंतर कुणाचं तोंड चुकवायला नको."

माझ्या पातेल्याचं बूड कुणी उलटं करून बघावं तसं झालं. वर दलाली दोन टक्के. मी म्हटलं, कळवते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दुसरा आला. चपला बाहेर ठेवल्या, हात धुतले, देव्हाऱ्यासमोर डोळे मिटून उभा राहिला. चहासुद्धा नको म्हणाला. "मावशी, तुमच्या घरात पाऊल ठेवलं आणि मन शांत झालं." दलाली एकच टक्का.

हे म्हणाले, "फार गोड आहे. मुंग्या लागतील." मी म्हटलं, देवाला हात जोडणारा माणूस वाईट नसतो. तुम्ही सगळ्यांनाच नावं ठेवता.

त्यालाच ठरवला. एक टक्का वाचला. खरं लिहायचं तर टक्क्यापेक्षा ठोकबाईचा तो तळवा पुन्हा घरात नको होता.

९ नोव्हेंबर, रविवार
हे लिहू की नको?

सकाळी दलाल आला. ठोकबाई गेली त्याच संध्याकाळी मी मागच्या भिंतीला रंग लावला होता, तो पाहिला. चारच दिवसांत फुगून पापुद्रे सुटलेले. म्हणाला, "मावशी, कपाट लावलं तर लोक कपाट सरकवून बघतात. देव्हारा लावा. देव बसलेत त्या भिंतीला कोण हात लावतो?"

मी दटावायला हवं होतं. मी विचारलं, "पण दिशा?" म्हणजे पाप कबूल, फक्त दिशा चुकायला नको!

आंघोळ केली, हात जोडले, आणि मग एकेक मूर्ती उचलून आतल्या खोलीत नेली. मागच्या भिंतीतून खडूसारखी भुकटी पडत होती. ती पदरानं पुसली. हे दारात उभे होते. मदत केली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
जपाला बसले. ओलीचा वास आला. उठले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
गिऱ्हाईक आलं. शाळेत शिपाईण आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. नवरा नाही. बरोबर मुलगी, कॉलेजात जाणारी, बारीक चणीची. तिसऱ्या जिन्यावर मुलगी कठड्याला धरून थांबली. छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज. आई म्हणाली, "दम्याचं आहे हिला. आताच्या घरी खाली गटार, नुसती ओल. डॉक्टर म्हणाले, वरच्या मजल्यावर कोरडी जागा बघा." मग मला विचारलं, "ताई, हवा खेळती आहे ना? कोरडं आहे ना?"

दलाल माझ्याकडे बघत होता. हे म्हणाले, "मी दूध घेऊन येतो." दूध घरात होतं.

मी म्हटलं, "हो. अगदी कोरडं."

कुठे उभी राहून म्हटलं? देव्हाऱ्यासमोर. ती बाई वाकून पाया पडली. मुलीलाही पडायला लावलं. "ज्या घरात देवाचं इतकं होतं, तिथे आणखी काय विचारायचं?" असं म्हणाली.

मला जागच्या जागी विरघळून जावंसं वाटलं. विरघळले नाही. त्यांना पाणी दिलं. पेला घेताना ती मुलगी "थँक्यू आजी" म्हणाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
त्यांनी विसार दिला. दलालानं कच्च्या कराराची प्रत आणून दिली. त्यात तिचा पत्ता आहे, फोन नाही. दलाल एकीकडचा फोन दुसरीकडे देत नाही. त्याची भाकरी त्यावर आहे. त्याला म्हटलं, "त्यांना ओलीचं सांगितलंत तुम्ही?" तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच तर कोरडं म्हणालात. मी मध्ये कशाला बोलू?"

खरंच. खोटं त्याच्या तोंडून निघालंच नाही. माझ्याच तोंडून काढून घेतलं.

थोरलीचा फोन. "आई, झालं ना? सुटलीस ना?" मी हो म्हटलं. आणखी एक.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दलाल जिन्यातूनच ओरडत आला, इतका खूश. त्या बाईचा निरोप — देव्हारा विकत द्याल का? असेल तिथेच राहू द्या, हलवू नका. मुलीचा पलंग त्याच्या शेजारी त्याच भिंतीला लावणार आहे. रात्री तिला धाप लागली की देव जवळ असतील.

"बघा मावशी, देवाचेही पैसे सुटले." हसला. मला हसू आलं नाही तेव्हा म्हणाला, "विचार करून सांगा."

यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "मी दूध आणायला गेलो तो का गेलो, तुला कळलं होतं ना?" मी म्हटलं, कळलं होतं. "मग आपण दोघं सारखेच," म्हणाले. थोड्या वेळानं, "जिने काय, बसत बसत चढेन. तळमजला गेला तर गेला."

मी इतकी वर्षं या माणसाला अश्रद्ध म्हणत आले.

१६ नोव्हेंबर, रविवार
देव बाहेरच्या खोलीत आणले. भिंत उघडी ठेवली आहे. पाकिटावर पत्ता यांनी लिहिला. आतलं मी —

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले. देव्हाऱ्यामागची भिंत ओली आहे, वरच्या न्हाणीचं पाणी झिरपतं. मुलीचा पलंग तिथे लावू नका. दलालाला न सांगता एकदा या, भिंतीला हात लावून बघा, मग घ्यायचं की नाही ते ठरवा. नको असेल तर विसार जसाच्या तसा परत देऊ. मुलीला जिने चढवू नका, तुम्ही एकट्याच या. केव्हा येता ते उलट टपाली कळवावे."