स्पीकरच्या पुढचा पार्ट

प्रिय डागोबा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू ते आधी उजेडात धरून बघितलं असशील. आत काय आहे याची खात्री केल्याशिवाय काही उघडायचं नाही, ही आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातली सवय. उघड, शॉक बसणार नाही. खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असा संशय तुला येणारच, आणि यायलाच हवा. सध्या आमच्या घरात संशयावाचून पानही हलत नाही. मागच्या फोननंतर ना तू फोन केलास ना मी. लेकीकडे राहायला गेल्यापासून डागोबाला आपली आठवण उरली नाही, असंही मी तुझ्या वहिनीजवळ बोलून घेतलं. सगळं पहिल्यापासून सांगतो. मधे तोडायची तुझी खोड आहे, पण पत्रात ती चालत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या रेडिओने केली. बातम्या देणारी बाई गोधडीत तोंड खुपसून बोलत असावी, असा आवाज. म्हटलं, कंडेन्सर म्हातारे झाले. उघडला, झाडून सगळे बदलले, स्पीकरचा फाटका कागदही चिकटवला. तरी बाई गोधडीतच. म्हणजे माल नकली! पार्टवाल्याकडे गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला धुतला. त्याने शांतपणे एकेक कंडेन्सर मीटरवर लावून दाखवला, सगळे बरोबर. मी म्हटलं, तुझा मीटरच खोटा. तो म्हणाला, काका, मग तुमचा घेऊन या. नेला. माझा मीटरही त्याच्याच बाजूने बोलला. तेव्हा दोन्ही मीटरांवर संशय घेऊन मी घरी आलो.

मग टीव्हीकडे वळलो. हल्लीचे टीव्ही कॅलेंडरासारखे भिंतीला चिकटलेले, त्यात स्पीकर मावणार कुठे? दुकान बंद केलं तेव्हा तू मला दिलेले दोन जुने स्पीकर माळ्यावर होते. तुझ्या वहिनीच्या कपाटाचा एक खण रिकामा करून त्याची पेटी केली, आत जुन्या उशीतला कापूस भरला, मागे छोटा अॅम्प्लिफायर बसवला. खणावरून जे व्हायचं ते झालं. पण पहिल्या दिवशी मुलगासुद्धा म्हणाला, बाबा, मानलं तुम्हाला. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर फुगून होतो. मग लक्षात आलं की माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण कळत नाही. ‘स’ नाही, ‘श’ नाही, शब्दांच्या कडा कुणीतरी कुरतडून टाकलेल्या. बारीक आवाजासाठी एक ट्वीटर जोडला. पुरेना, म्हणून दुसरा. आवाज मला जेमतेम पसंत पडला, आणि टीव्ही लावला की एकेक जण उठून जायला लागला. कुणाला काम आठवे, कुणाला झोप येई. तुझी वहिनी कानात बोळे घालून बसलेली दिसली. विचारलं, तर म्हणे सर्दी आहे. सर्दीचे बोळे कानात?

तिथून माझा संशय पक्का झाला. बारीक आवाजाचं बटण मी रोज उजवीकडे करून ठेवायचो आणि सकाळी ते तिथेच आहे की हललंय तेच मला कळेना. मग पेन्सिलीने खूण केली. सकाळी खूण एकीकडे, बटण दुसरीकडे. चोर घरातलाच! दाराची बेलही मी सुधारली. आता आमची बेल वाजली की समोरचे शेजारी दार उघडतात. त्यावरून त्या बाई काहीतरी बोलल्या आणि तुझ्या वहिनीने त्यांना खुणेने गप्प केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मायलेकांची स्वयंपाकघरात कुजबुज चाले आणि मी आत गेलो की दोघं पाण्याच्या पिंपाकडे बघत उभे. काहीतरी शिजत होतं खास. माझी खात्री झाली की हे लोक माझं कामाचं टेबल भंगारात काढणार आणि त्या कोपऱ्यात सोफा आणणार. मी टेबलाच्या खणाला कुलूप घातलं.

आणि या सगळ्यात तूसुद्धा होतास. रागावू नकोस, लिहायलाच बसलोय तर खरं ते लिहितो. फोनवर तू तोंडात खिळे धरून बोलल्यासारखा बोलायला लागला होतास. मी फोनला हेडफोन लावला, मधे छोटा अॅम्प्लिफायर घातला, तरी तेच. मला वाटलं, हा मुद्दाम पुटपुटतोय, शेजारी लेक बसली असेल, तिच्यापासून काहीतरी लपवतोय. त्या शेवटच्या फोनवर तू बराच वेळ बोललास, अगदी सावकाश. मधे एकदा थांबलास. मी म्हणालो, “वा, छान!” हल्ली मी सगळ्यांना तेच म्हणतो, बहुतेक वेळा चालून जातं. तू काहीच बोलला नाहीस. मग फोन बंद झाला. मी हेडफोनच्या वायरवर संशय घेतला आणि ती बदलली.

मागच्या आठवड्यात दुपारी मी टेबलावर तुझा तो आवाजाची लाट दाखवणारा हिरव्या पडद्याचा स्कोप मांडला. ठरवलं, आता दुकानाच्या रीतीने जायचं. आठवतं ना, आपली रीत? उगाच पार्ट बदलायचे नाहीत. आवाज जिथून आत शिरतो तिथून निघायचं, प्रत्येक टप्प्यावर स्कोप लावायचा, आणि जिथे लाट मरते तिथे दोष. इतके महिने मी ते सोडून अंदाजाने पार्ट बदलत होतो, आपल्या दुकानात असं कुणी केलं असतं तर तू त्याला दारातून आत घेतला नसतास. बारीक शिट्टीचा आवाज सोडला. पहिला टप्पा, लाट ठीक. अॅम्प्लिफायर ठीक. मग स्पीकरसमोर माइक धरून तो स्कोपला जोडला. पडद्यावर लाट अशी सुरेख, की वाटलं तुला बोलावून दाखवावी. आणि मला काही ऐकू येईना. आवाज आणखी वाढवला. लाट पडद्यात मावेना, खोलीत मात्र माझ्या लेखी सगळं शांत. तेवढ्यात तुझी वहिनी दोन्ही कानांवर हात दाबून दारात आली. तिचे ओठ वाचूनच मला कळलं. “बंद करा ती शिट्टी, डोकं उठलं माझं!” मी बंद केली. स्पीकरच्या पुढे एकच पार्ट उरला होता, आणि तो मी कधी तपासलाच नव्हता.

मी फार घाबरलो, डागोबा. दुकानाच्या दारात उभा राहून कुठल्या सेटचा कंडेन्सर गुणगुणतोय ते सांगणारा माणूस मी. त्यावरून तूच मला कानसेन म्हणायला लागलास, जसा मी तुला सोल्डरचे डाग देण्यावरून डागोबा, मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला ते नाव माझ्या खऱ्या नावापेक्षा आवडत होतं. तुझ्या वहिनीला म्हटलं, तुम्हाला सगळ्यांना कळलं होतं तर सांगितलं का नाही? ती जवळ बसून मोठ्याने म्हणाली, “सांगणार कोण? रेडिओ उघडून ठेवलेल्या माणसाला तुमचे कान गेले म्हणायची कुणाची छाती आहे?” कुजबुज होती ती मला डॉक्टरकडे कसं न्यायचं याची. सोफाबिफा काही नव्हता. परवा जाऊन आलो. कानात घालायचं मशीन मिळणार आहे. ते उघडायचं नाही असं डॉक्टरने मला दोनदा सांगितलं, यावरून मुलाने त्याला आधीच फितवलाय हे उघड आहे. एवढा संशय मला राहू दे.

पण मशीन आल्यावर मला पुढचं ऐकू येईल, मागचं नाही. त्या फोनवरचं तुझं ते थांबणं माझ्या डोक्यातून जात नाही. आपण एका टेबलावर आयुष्य काढलं. तू गप्प कधी होतोस ते मला ठाऊक आहे. हात भाजला की तू शिव्या देतोस, मोठं काही झालं की गप्प होतोस. मी “वा, छान” म्हणालो ती गोष्ट छान नव्हती, एवढं मला आता कळलंय. ती काय होती ते तुझ्या लेकीला विचारावं म्हणून फोन हातात घेतला होता, पण तिचं तरी मला काय कळणार, म्हणून ठेवून दिला. तेव्हा मशीन येईपर्यंत थांबायला सांगू नकोस. डोळे अजून शाबूत आहेत, तुझं कोंबडीच्या पायासारखं अक्षरही वाचेन. त्या दिवशी तू मला काय सांगितलंस, ते सगळं परत सांग, आणि या वेळी लिहून.

तुझाच, आता नुसता नावाचा,
कानसेन