अर्धी शेड आणि आम्लाचा कॅन

३ मार्च
कोंबडीची पिल्लं आली. दोन हजार. हॉटेलवाल्याची अट: अँटिबायोटिकचा थेंब नको आणि चाळिसाव्या दिवशी सरासरी दोन किलो वजन. जमलं तर वर्षभराचा करार. संकल्प: पोटातले जंतू रोखायला औषधाऐवजी सेंद्रिय आम्लं. जनावरांच्या डॉक्टरांनी तासभर समजावलं. मला पाच मिनिटांतच सगळं कळलं होतं.

५ मार्च
डॉक्टर म्हणतात, आम्ल मोजून खाद्यात मिसळा. कोण मोजत बसणार? मी सरळ पाण्याच्या टाकीत ओतणार. बायको म्हणे, ऐकायचं नव्हतं तर डॉक्टरांना बोलावलं कशाला. वाद नको म्हणून शेडमध्ये मधोमध जाळी ठोकली. अर्धी पिल्लं तिची, टाकीही वेगळी. बिचारीला शिकू दे.

९ मार्च, सकाळी ६
ती वजनकाटा घेऊन बसलेली. मी दोन मिनिटांत मोकळा. माप अंदाजे. अनुभवी माणसाला वजनकाटा लागत नाही.

१६ मार्च
माझी पिल्लं पाणी कमी पितात. तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण.

२१ मार्च
खातातही कमी. म्हणजे थोडक्यात अंगी लागतंय. हे बायकोला समजावलं. ती ऐकत नव्हती, माझ्या बाजूच्या पाइपाची निपलं, म्हणजे पिल्लं चोच लावून पाणी पितात त्या तोट्या, दाबून बघत होती. बऱ्याच निपलांतून पाणीच येईना.

२२ मार्च
नुसता वैताग. डॉक्टर येऊन गेले. पाइपात वर्षानुवर्षं साचलेला बुळबुळीत थर आम्लाने सुटला आणि निपलांत अडकला. शेड रिकामी असतानाच पाइप धुवा, असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. पाच मिनिटांनंतर सांगितलं असणार. एक पिल्लू निपलखाली चोच वर करून उभं होतं. फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी महत्त्वाचं आधी सांगायला नको का?

बायकोने दिवसभर बसून एकूण एक निपल धुतलं. मी देखरेख केली.

२ एप्रिल
वजन भरून काढायला आम्ल दुप्पट करणार होतो. कॅन जागेवर नाही. बायको म्हणाली, "माझ्याकडे मागायचं. मोजून देईन." स्वतःच्या शेडमध्ये हात पसरायची वेळ आली.

१२ एप्रिल, दुपारी
हॉटेलवाला आला. तिच्या बाजूची सरासरी दोन किलो साठ ग्रॅम. माझ्या बाजूची एक किलो चारशे. त्याने विचारलं, "ही बाजू कोण बघतं?"
बायको म्हणाली, "दोन्ही बाजू आम्ही मिळूनच बघतो."
मला भरून आलं. तो मात्र माझ्याकडे बघत राहिला.
करार झाला. तिच्या नावाने. खाद्य आणि पाणी बाईंनीच बघायचं, अशी अट त्याने हाताने वेगळी लिहिली. सही माझीही घेतली. साक्षीदार म्हणून.