नकाशावरच्या टिकल्या

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज वर्गात, जगात फ्रेंच बोलतात ती बेटं नकाशावर शोधायची होती. पाचवीच्या पोरींनी घरच्या आरशावरच्या टिकल्या काढून आणल्या अन् नकाशावर चिकटवल्या. रियुनियन, मार्टिनिक, ताहिती. तपासणीले आलेले साहेब पाहून हसले. "मॅडम, दारव्ह्याच्या पोरायले हे कायले पायजे? काढा त्या." भर वर्गात. अन् मी "हो सर" म्हटलं. काहून म्हटलं?

माझ्याच तांड्यातली रेणू उभी राह्यली. "सर, तिथंबी आपल्यावाणीच हाय. घरी येगळी बोली, शाळेत येगळी." साहेबांनी तिच्याकडं पाह्यलंबी नाही. याच शाळेत गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलल्याबद्दल मी छड्या खाल्ल्या, तेव्हाबी कोणी पाह्यलं नव्हतं. आता तर मास्तरीण मीच आहे.

साहेब गेल्यावर नखानं एकेक टिकली काढली. रेणूच्या टिकल्या तिले वापस द्यायला गेले, तर तिनं हातच पुढं केला नाही. "राहू द्या मॅडम. माय म्हणे, शाळेले देल्लं वापस आणू नको."

सगळ्या घरी आणून माझ्या आरशावर लावल्या. उद्या प्रार्थनेच्या आधी त्या नकाशावर असतील. आज मात्र त्या आरशात तोंड पाहवत नाही.