साखळीतील रिकामा तास

गुरुवार, १० फेब्रुवारी १९५५, मुलुंड

नगरहून निघताना मित्रांनी बजावले होते की सत्तरीच्या निवृत्त मास्तराने मुंबईच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. आज सायंकाळी भाच्याच्या ओसरीत बसून हे लिहिताना मला त्यांची कीव येते. मुलुंड म्हणजे मुंबई नव्हे. येथील रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, पश्चिमेस डोंगर आहे, आणि पूर्वेच्या मिठागरांवरून येणारा वारा आमच्या नगरच्या वाऱ्याहून सौम्य आहे. घर बैठे व कौलारू आहे. मला दिलेल्या खोलीस उत्तरेची खिडकी असून श्यामकांताने माझ्या पुस्तकांसाठी आधीच फळ्या ठोकून ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक तिरपी आहे. ती उद्या सरळ करून घेईन.

श्यामकांत येथील एका कारखान्याच्या कचेरीत आहे. त्याने मला टांग्यातून आणले. वाटेत दोन दुकानांच्या पाट्यांवर अशुद्धे आढळली. एका दुकानदारास मी ती सभ्यपणे दाखविली, तेव्हा त्याने रागावण्याऐवजी मला चहा विचारला. लोक सुस्वभावी आहेत. माझे दिवस येथे चांगले जातील असा भरवसा वाटतो.

सूनबाई, म्हणजे श्यामकांताची पत्नी वसुधा, आजारी आहे. तिने पडल्यापडल्या आम्हा ख्रिस्ती मंडळीच्या रीतीने मला सलाम केला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

शनिवार, १२ फेब्रुवारी

आजाराचे स्वरूप आज समजले. दिवाळीच्या सुमारास या जोडप्याचे तान्हे मूल दगावले. तेव्हापासून वसुधा हळूहळू बोलेनाशी झाली आणि आता खाईनाशी झाली आहे. डॉक्टरांना शरीरात दोष सापडत नाही. श्यामकांत मला परसात नेऊन म्हणाला की तिची जगण्याची इच्छाच कोणीतरी काढून घेत आहे, आणि आणखी काही आठवडे हे असेच चालले तर ती हाती लागणार नाही.

समोरच राहणाऱ्या रत्नप्रभाबाई तिला पेज भरवावयास येतात. या बाईंनी इस्पितळात परिचारिका म्हणून उभा जन्म काढला आहे आणि त्यांची जीभ शस्त्रक्रियेच्या सुरीसारखी आहे. चमचा हातात धरूनच त्यांनी प्रार्थना केली, ती अशी : "प्रभू, हिला आज दोन घास जाऊ दे. आमेन." वाण्याकडे सामान मागताना लोक याहून अधिक अदब राखतात. मी तसे सुचविताच बाई म्हणाल्या, "मास्तर, देव काही शुद्धलेखन तपासायला बसलेला नाही."

रविवार, १३ फेब्रुवारी

आमच्या मंडळीची उपासना येथे एका शाळेच्या वर्गात भरते. पाळक मधुकर साळवे वयाने तरुण असले तरी मनुष्य कळकळीचा आहे. उपासनेनंतर त्यांनी वसुधेसाठी प्रार्थनेची साखळी सुरू करण्याचे ठरविले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत विश्वासणाऱ्यांपैकी कोणीतरी तिच्या उशाशी बसून प्रार्थना करावयाची, प्रत्येकाने एकेक तास. रात्री श्यामकांत असतोच. नियम जुना आहे आणि मला तो प्रिय आहे : उशाची खुर्ची कधीही रिकामी राहू नये. पुढचा मनुष्य उंबरठ्याबाहेर थांबतो. बसलेला उठून त्याला "सांभाळा" असे म्हणतो. मगच तो आत येतो.

तीन ते चार हा तास मी घेतला. माझ्यानंतरचा तास मागच्या बाकावरून कोणीतरी मागितला. मी पुढे बसलो असल्याने मला तो चेहरा दिसला नाही. पाळकांनी "भांडुपचे अनंतराव" असे म्हटलेले मात्र ऐकले. पाचनंतर रत्नप्रभाबाई.

बुधवार, १६ फेब्रुवारी

साखळी सुरू आहे. माझ्या प्रार्थना मी आदल्या दिवशी मनात रचून ठेवतो. उत्तम श्रोता लाभत नाही ही खंत होती, तीही दूर झाली.

अनंतराव हे अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ निघाले. वय माझ्याइतकेच असावे. पांढरा लांब कोट, काळी टोपी. नळ टाकण्यासाठी आमचा रस्ता खणला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांची पावले लाल मातीने भरतात, परंतु यांच्या जोड्यावर धुळीचा कण नसतो. ते वेळेपूर्वीच येऊन उंबरठ्याबाहेर उभे राहतात, मान किंचित कलती ठेवून ऐकतात, आणि मी उठेपर्यंत पाऊल आत टाकीत नाहीत. असे शुद्ध मराठी मी येथे आल्यापासून ऐकलेले नाही. माझ्या प्रार्थनेची रचना त्यांना इतकी भावली की तिच्यातील एक संपूर्ण वाक्य त्यांनी मला म्हणून दाखविले.

मी "सांभाळा" म्हणून फिरावयास बाहेर पडलो. मन प्रसन्न होते.

शनिवार, १९ फेब्रुवारी

अनंतराव आता बरेच आधी येतात आणि मी थकलेला दिसतो, असे काळजीने सांगतात. आज मी माझा तास पूर्ण होण्यापूर्वीच खुर्ची त्यांच्या स्वाधीन केली.

वसुधेने आज पेजेला तोंड लावले नाही. रत्नप्रभाबाईंची तक्रार आहे की पाच वाजता त्या येतात तेव्हा खुर्ची रिकामी असते आणि भांडुपचा हा मनुष्य आधीच पसार झालेला असतो. मी अनंतरावांची बाजू घेतली. इतक्या रीतीच्या माणसाला गाडी गाठावयाची असेल, एवढेच.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

आज वसुधा बोलली. मला आनंद व्हावयास हवा होता.

माझी प्रार्थना अर्ध्यावर असताना तिने तोंड वळविले आणि अगदी शांतपणे विचारले, "मामा, नाकारलेलंच पुन्हा पुन्हा का मागता?"  ती म्हणाली की तुम्ही गेल्यावर जे येतात ते सगळे नीट समजावून सांगतात. बाळासाठी प्रार्थना झाली होती, मंडळीने उपास केले होते, आणि उत्तर काय मिळाले ते सर्वांनी पाहिले. वर ऐकणारा कोणी असता तर ते उत्तर तसे आले नसते. ते फार स्पष्ट बोलतात, असेही तिने सांगितले.

दुःखी जीव शब्दांचा भलता अर्थ करतो. अनंतराव आले तेव्हा त्यांना मी हे विचारले. ते म्हणाले की तिला बोलते करण्यासाठी तिचीच शंका त्यांनी मांडून दाखविली, उत्तर उद्या देणार आहेत. हे पटण्यासारखे होते. मी उठलो.

बाहेर फिरण्यात मन लागले नाही. कोपऱ्यावरून परत आलो, फाटकाशी थांबलो, आणि आत न जाता पुन्हा फिरावयास गेलो. असे का केले ते सांगता येत नाही.

रविवार, २७ फेब्रुवारी

उपासनेनंतर एक तिशीचा तरुण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातांवर यंत्राच्या तेलाचे जुने डाग होते. त्याने सलाम केला आणि क्षमा मागितली. साखळी ठरली त्याच संध्याकाळी त्याचे वडील वारल्याची तार आली, म्हणून तो जालन्याकडे गावी गेला आणि काल परतला. निरोप देण्याचे सुचले नाही. चारचा तास कोणी सांभाळला, असे त्याने विचारले.

भांडुपचे अनंतराव ते हेच.

मी पाळकांना विचारले, श्यामकांताला विचारले, मंडळीत एकेकाला गाठून विचारले. पांढरा कोट, काळी टोपी, माझ्या वयाचा : असा मनुष्य मंडळीत नाही. शेजाऱ्यांनीही त्या वेळी आमच्या फाटकातून कोणी आत जाताना पाहिलेले नाही.

मी त्याला "सांभाळा" म्हटले होते. रोज, माझ्या तोंडाने.

सोमवार, २८ फेब्रुवारी

आजपासून चारचा तासही मीच घेतला आहे. खरा अनंतराव वडिलांचे दुःख ताजे असूनही यावयास तयार होता, परंतु चूक माझी आहे आणि ती निस्तरणेही माझ्याकडेच असावे, असे मी म्हटले. 

पांढऱ्या कोटातला तो आला. उंबरठ्याबाहेर उभा राहिला. मान कलती. मी प्रभूचे नाव घेऊन त्याला निघून जाण्याची आज्ञा केली. रात्रभर तयार केलेली आज्ञा होती. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली आणि ती उत्तम झाली असे म्हटले.

पाच वाजेपर्यंत तो तेथेच होता. आत आला नाही. खुर्ची भरलेली असता त्याला आत येता येत नाही, एवढे निश्चित झाले.

बुधवार, २ मार्च

आज मी त्याला वादात जिंकले. त्याने विचारले की देव समर्थ असून दयाळू असेल तर मूल का गेले. मी त्याचा एकेक मुद्दा घेतला, तो नीट मांडला आणि मग खोडला. तो दुसरा मांडी, मी तोही खोडी. पन्नास वर्षे वर्गात घालविली ती फुकट नाहीत. शेवटी तो गप्प झाला. तोंडाला कोरड पडली होती, परंतु अंगात तारुण्य आल्यासारखे वाटत होते.

वसुधा सर्व वेळ डोळे उघडे ठेवून ऐकत होती.

गुरुवार, ३ मार्च

हे लिहू नये असे वाटते. तरी लिहितो.

काल रत्नप्रभाबाई लवकर आल्या होत्या आणि ओसरीत बसून राहिल्या होत्या. उंबरठा त्यांच्यासमोर होता. तेथे कोणी नव्हते. आत फक्त एक आवाज होता, माझा. त्या म्हणाल्या, "मास्तर, तासभर तुम्ही त्या पोरीला सांगत होता की तिचं कोणी ऐकत नाही. का सांगत होता?"

मी म्हटले की ते त्याचे मुद्दे. माझी उत्तरेही ऐकली असतील. बाई म्हणाल्या, उत्तरे नव्हती. एकही नव्हते.

खुर्ची मिळाली नाही, म्हणून त्याने जीभ घेतली. आणि किती सुंदर जीभ त्याला मिळाली! मीच घासूनपुसून ठेवलेली.

वसुधेने आज पाणीही नाकारले.

शुक्रवार, ४ मार्च

पाळकांकडे गेलो. सर्व सांगितले. मला वाटले, वेडा ठरवतील. तसे झाले नाही. ते म्हणाले की सैतानाला अडवा, म्हणजे तो पळेल, एवढे सर्वांना पाठ असते. परंतु त्याच वचनात प्रेषिताने त्याच्या आधी सांगितलेले आपण सोडून देतो — आधी देवाच्या अधीन व्हा. मग तरुण मनुष्याने वयाचा संकोच सोडून मला विचारले, "मास्तर, त्या खोलीत तुम्ही कुणाशी बोलत होता? देवाशी, की ऐकणाऱ्यांशी?"

मी उठून थेट घरी आलो. रत्नप्रभाबाईंना गाठले.

माझे दोन्ही तास आजपासून रत्नप्रभाबाईंकडे. मी खुर्ची सोडली, सुखाने सोडली. त्या बसल्या तेव्हा उंबरठ्याशी कोणी आले नाही. त्यांची प्रार्थना मी ओसरीतून ऐकली. "प्रभू, हिला पाणी जाऊ दे." वसुधेने दोन घोट घेतले.

शनिवार, ५ मार्च

तो आता माझ्या खोलीशी येतो. उत्तरेच्या खिडकीपाशी, दुपारी, लख्ख उन्हात. म्हणतो की बाईंच्या ओबडधोबड शब्दांनी मुलगी वाचली तर माझे सारे आयुष्य व्यर्थ ठरेल. म्हणतो, ती तशी वाचलेली मला नकोच आहे.

खरे आहे का? क्षणभर —

नाही. मला ती वाचावयास हवी आहे. बाईंच्या शब्दांनी वाचो. कोणाच्याही वाचो.

सोमवार, ७ मार्च

तीन वाजून गेले आहेत. श्यामकांत कामावर. रत्नप्रभाबाईंना आताच पलीकडच्या गल्लीतून बोलावणे आले; बाळंतीण अडली आहे, जीवाशी गाठ आहे. दुसरे कोणी हाताशी नाही. मी नको म्हणालो. मी त्यांना सांगितले की मी या खुर्चीत बसण्यास लायक नाही. बाई चपला घालता घालता म्हणाल्या, "लायक कोण आहे? तोंड मिटा आणि बसा. बाकी प्रभूला बघू दे."

बसलो आहे. बोलावयाचे नाही, म्हणून लिहीत आहे. पेन्सिल चालती ठेवली की जीभ थांबते.

वसुधा डोळे मिटून आहे. श्वास फार हळू.

तो आला आहे. उंबरठ्याबाहेर. आज मान कलती नाही.

उठा, म्हणतो. थकलात. मुलीचा श्वास पाहा. आपल्या तोंडून एक प्रार्थना तरी जाऊ द्या, आपल्यासारखी, तिचा शेवट गोड होईल. वाक्य त्याने रचून आणले आहे. सुंदर आहे. जिभेच्या टोकाशी येते —

नाही. माझे काही नको. लहानपणी सर्वांनी एकत्र म्हणावयाची ती, प्रभूने शिकविलेली प्रार्थना, तीच म्हणेन —

सुरुवात आठवत नाही. जन्मभर म्हटलेली. पहिला शब्दही नाही. त्याने काढून घेतला. तो हसत नाही, नुसता वाट पाहतो. दार पूर्वी एवढे जवळ नव्हते.

प्रभू, माझ्याकडे शब्द नाहीत. एकही नाही. तू बघ.

त्याचा पाय उंबरठ्यावर —

मी उठणार नाही. मला येत नाही काही तरी मी उठणार नाही. प्रभू मी तुझा मी बसलो आहे —

हाताला काहीतरी लागले. थंड. वसुधेचा हात. डोळे उघडे आहेत. माझ्याकडे नाही, दाराकडे पाहते. तिलाही तो दिसतो. ती त्याच्याकडे पाहते आणि घाबरत नाही. ओठ हलतात. आवाज अगदी बारीक. म्हणते, मामा, उठू नका. म्हणते, मला येते. माझ्यामागून म्हणा. हे आमच्या स्वर्गातील पित्या —