प्रभारयादी, तीन प्रतींत

१ जुलै २०२४
आज घाटंजीच्या कॉलेजात रुजू झाले. नेरला नऊ वर्षं झाल्यावर संस्थेने बदली केली. बदलीला सगळे शिक्षा म्हणतात. मी निघताना पेढे वाटले.

मराठी विभागाला स्वतंत्र खोली आहे. टेबल, कपाट, खिडकीबाहेर कडुनिंब. शिपाई धर्मपाल टेबल पुसता पुसता म्हणाला, नाव नाहिद मिर्झा आन् शिकवता मराठी, हे कसं काय मॅडम? मी सांगितलं, वडील मेकॅनिक होते, उर्दू शाळा लांब होती म्हणून त्यांनी जवळच्या शाळेत टाकलं. तो म्हणाला, मंग बराबर हाय, जवळचं गॅरेजच बरं. दोघंही हसलो.

मी खूश आहे त्याचं कारण वेगळं. इथून बारा किलोमीटरवर कोलामांचा पोड, म्हणजे वस्ती, आहे आणि तिथे जमनीआजी राहते.

१४ जुलै
रविवार. पोडावर गेले. नेरहून यायचे तेव्हा अर्धा दिवस बसमध्ये जायचा. आज नऊलाच पोचले. आजी म्हणाली, मास्तरीनबाई, आता तू आमच्याच बाजूची झाली.

तिच्याकडे रानाचे शब्द आहेत, ते तिच्या नातवंडांनाही येत नाहीत. तिची अट एकच. शब्द जिथला तिथेच आणि जेव्हाचा तेव्हाच. झाडाचा झाडाखाली, थंडीचा थंडीत. खाटेवर बसून विचारलं तर म्हणते, काहून सांगू, थंडी का आली हाय? दोन वर्षांच्या रविवारांत सहाशे शब्द झाले. हिवाळ्याचा एकही नाही, कारण ते पहाटेचे आहेत आणि पहाटे मी नेरला असायचे.

हा येता हिवाळा शेवटचा, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी नाही राहत, असं ती पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगते. यवतमाळच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय.

मला एक अखंड वर्ष हवं. हेच वर्ष.

२२ जुलै
सॅबॅटिकलचा, म्हणजे संशोधनरजेचा, अर्ज दिला. एक वर्ष, १ ऑक्टोबरपासून. नऊ वर्षांची सेवा, संशोधनाचा आराखडा, विभागीय शिफारस, सगळं जोडलं. प्राचार्यांनी सही केली. मुख्य लिपिक सदाशिवबाबू सभ्य गृहस्थ आहेत, घरात तीन पिढ्यांची नोकरी. त्यांनी चहा मागवला. आता फक्त प्रभारयादी राहिली म्हणाले. रजेवर जाणाऱ्याने ताब्यातल्या वस्तूंची यादी करायची, तीन प्रतींत. खाली 'दिले' म्हणून आपली सही. 'घेतले' म्हणून दुसऱ्याची.

५ ऑगस्ट
यादी परत आली. शेरा: अपूर्ण. खुर्ची लिहिली नव्हती. चूक माझी. लिहिली.

२० ऑगस्ट
पुन्हा अपूर्ण. भिंतीवरचं कॅलेंडर राहिलं. मी म्हटलं, ते किराणावाल्याने फुकट दिलंय. बाबू म्हणाले, दिलं कोणीही असो मॅडम, ते लटकून तुमच्या खोलीत राह्यलं ना?

२९ ऑगस्ट
कॅलेंडरचा खिळा.

मी खिळा लिहिला. एका मेल्या खिळ्यासाठी तीन पानं तीन वेळा नव्याने लिहिली. छापील प्रत चालत नाही. हस्ताक्षर लागतं. विद्यापीठाकडे फाइल पाठवायची शेवटची तारीख सहा सप्टेंबर. बाबूंना आठवण दिली तर म्हणाले, नियम का मी बनवले मॅडम? चहा घ्या. त्यांचा चहा त्यांच्याच डोक्यावर ओतावासा वाटला.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. विद्यार्थ्यांनी गुलाब दिलं, ऑफिसने यादी परत दिली. शेरा तोच. काय अपूर्ण, ते लिहिलेलं नाही. विचारलं तर बाबू म्हणाले, तुम्हीच बघा, तुमच्याकडे काय काय आहे ते मला कसं कळणार?

तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनने शेवटची ओळ लिहिली: आणि माझ्याकडे जे काही आहे ते सर्व. तिन्ही प्रतींवर. सही ठोकली. कागद फाटता फाटता राहिला.

धर्मपाल मागे उभा होता. म्हणाला, मॅडम, असं नोका लिहू, मिताली मॅडमनं असंच लिहून देल्लं होतं. मी त्याच्यावर खेकसले. तू तुझं काम कर म्हटलं. मिताली कोण, हे विचारलंही नाही.

बाबूंनी यादी शांतपणे वाचली. म्हणाले, आता पूर्ण आहे.

१३ सप्टेंबर
मंजूर! विद्यापीठाचं पत्र आलं. प्रभारयादीची एक प्रत मला मिळाली. 'घेतले'खाली गोल, नीटस सही: मिताली. बाबू म्हणाले, मराठीच्याच, जुन्या. २०१२ साली सॅबॅटिकलवर गेल्या होत्या. बारा वर्षं कुठे होत्या, विचारलं. ते म्हणाले, कागद पूर्ण झाला ना मॅडम? मंग?

१८ सप्टेंबर
अजून बारा दिवस माझे आहेत. तरी माझ्या तासाला वर्गात दुसरी बाई उभी होती. पंचेचाळिशीची, केस करडे. माझ्या टिपणांवरून शिकवत होती. मी आत जाऊन ओरडले. पहिल्या बाकावरच्या मुलींनी मान उचलली नाही. एकीने उठून दार लोटून घेतलं. वारा येत होता म्हणे.

धर्मपालने बाहेर मला गाठलं. खाली बघत सगळं सांगितलं. मिताली मॅडमनं 'सर्व' लिहून दिलं, कोणीतरी घेतलं, आन् त्या दिसायच्या बंद झाल्या. हळूहळू. आधी पोरांना, मंग घरच्यांना, शेवटी मले. बारा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये होत्या. मी तिथं रोज चहा ठेवत होतो, कप रिकामा व्हायचा. तशीच ओळ दुसरं कोणी लिहीपर्यंत त्यांना थांबावं लागलं. वर्गात आता त्याच हायेत.

आधी का नाही बोललास, मी विचारलं. तो म्हणाला, सांगू राह्यलो होतो ना, तुमीच खेकसल्या.

२४ सप्टेंबर
घरमालकीणबाई माझ्या खोलीच्या दारात त्या बाईशी गप्पा मारत होत्या. तिच्या हातात माझी किल्ली. मी मध्ये उभी राहिले. त्या माझ्या खांद्यावरून बोलत राहिल्या.

ही वही पिशवीत होती म्हणून तेवढी माझ्याकडे राहिली.

२६ सप्टेंबर
तिला कॉलेजच्या फाटकात गाठलं. ती मला बघू शकते. धर्मपाल सोडला तर एकटी तीच. मी तिला चोर म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, मीसुद्धा फक्त रजा मागितली होती. बारा वर्षं माझ्यासमोर तुमच्यासारख्यांच्या फाइली आल्या, सगळ्यांनी खिळ्यापर्यंत लिहिलं, 'सर्व' कुणी लिहिलं नाही. तुम्हाला राग लवकर येतो. बरं झालं.

मी तिला मारलं. हात लागला. तिने ओढणी सारखी केली. ओढणी माझी होती.

३० सप्टेंबर
दुरुस्तीचा अर्ज लिहिला. बाबूंच्या टेबलावर आपटला. त्यांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, उडू नये म्हणून. भिंतीवर नियम लावलाय: दुरुस्तीसाठी अर्जदाराने स्वतः हजर राहावे.

मी हजर आहे. सदाशिवबाबू, मी तुमच्या नाकासमोर हजर आहे —

२ ऑक्टोबर
नेरला कलीमला फोन लावला. भावाला तरी. त्याने विचारलं, कोण बोलतंय. आपा, म्हटलं. तो हसला. आपा तर आत्ताच आली, अम्मीजवळ बसून जेवून राह्यली, तुम्ही कोण बाई?

मागे अम्मीचा आवाज. तिला म्हणत होती, अजून घे बेटा.

त्यानंतर फोन लागत नाही.

११ ऑक्टोबर
धर्मपालने रेकॉर्ड रूममध्ये चहाचा कप ठेवला. मी खुर्चीवर होते. कप ठेवताना तो भिंतीकडे बघत होता. मॅडम, हाये का, विचारलं त्याने. हो म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग गेला.

चहा प्यायले नाही. पिणार नाही. मी इथे बारा वर्षं बसणार नाही. दुसऱ्या कुणाच्या रागाची वाट बघत —

१९ नोव्हेंबर
थंडी पडली. चालत निघाले. पोडापर्यंत पाय —

२० नोव्हेंबर
पहाट. उजाडतंय.

आजी पळसाखाली बसलीय. घोंगडी. ती बाई समोर. माझा रेकॉर्डर. चालूसुद्धा केलेला नाही. जांभया देते. अहवालापुरते चार शब्द हवेत तिला. चारच.

माझा हिवाळा. माझी रजा. आणि ती जांभया —

आजी म्हणाली, उभी काहून हायेस, बस. तिच्याकडे नाही बघितलं. माझ्याकडे. नीट दिसत नाही तिला, आता कुणीच. पण माझ्याकडे. बसले.

बाईने बघितलं. वही दिसली तिला. उठली. 'सर्व' म्हणते, वहीसुद्धा. हात पुढे —

देत नाही. लिहितेय. रजा मंजूर आहे, मी कामावर आहे —

आजी बोटाने पान दाखवते. रात्रभर दहिवर, दव, पडून पान जड होतं, पडत नाही, नुसतं वाकतं. त्या वाकण्याला शब्द आहे. सांगतेय. सावकाश. दोनदा सांगितला. ऐकला मी. नीट ऐकला. बाई वही ओढतेय. तो —