गप्प राहायची नोकरी

तीर्थरूप आईस,
सालवडहून वैभवीचा नमस्कार.

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, कारखान्यांचा वास फक्त संध्याकाळी येतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझी नोकरी कसली म्हणून शेजारणींना सांगू, असं तू विचारलंस. सांग, सुलभक आहे. म्हणजे पाड्यावर बायकांना गोल बसवायचं, एक प्रश्न विचारायचा आणि आपण गप्प राहायचं. उत्तर माहीत असलं तरी.

काल ठमीमावशीच्या अंगणात विचारलं, विहीर आटली की पाणी कोण आणतं? कुणी बोलेना. बोलायला माझीच जीभ शिवशिवत होती. शेवटी मी ठमीमावशीच्या सुपातले तांदूळ निवडायला घेतले. तेव्हा खाली बघतच ती म्हणाली, "माजी सून आनते. पोटुशी हाय, तरी आनते. नको जाऊ, असं मी कदी बोलली नाय." सून दारातच उभी होती. मग सगळ्याच बोलायला लागल्या.

खोलीवर आले की मात्र माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

फोनवर तू 'बरी आहेस ना?' विचारतेस आणि 'हो'ही तूच म्हणतेस. आता एकदा विचार, आणि मग आई, जरा गप्प राहा.

तुझी,
वैभवी